प्रतिकृती मालमोटारीचे आस आणि पाटे : काही गैरसमज

अमेरिकेच्या एएमटी कंपनीचा १:२५ प्रमाणातील पीटरबिल्ट ३५९ या मालमोटारीचा संच असो किंवा इटलीच्या इटालेरीने १:२४ प्रमाणात काढलेली एखादी युरोपीय गाडी असो, प्लॅस्टिकची ही प्रतिकृती जोडून पुरी झाल्यावर मेजावर ठेवली असता तिचे एक चाक अधांतरी राहिले, तर दोष त्या चाकाचा किंवा त्याच्या आसाचाच आहे, अशी बहुतेकांची समजूत होते. आणि मग निरपराध चाकाला कानस लावण्यात येते व मूळ व्याधी कायम राहते.

वस्तुतः ही व्याधी बहुधा चासीच्या पिळात असते. दोन लांब दांडे आणि त्यांना सांधणाऱ्या आडव्या पट्ट्या यांचा हा सांगाडा सुकताना केसभर जरी पिळला, तरी त्यावर बसणारे तिन्ही आस एका प्रतलात येणे अशक्य होते. कारण तीन टेकूंवर कोणतीही वस्तू स्थिर राहते, चौथा मात्र जुळवून आणावा लागतो, हे डगमगणारा चौरंग पाहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. यास्तव सांगाडा सपाट काचेवर दाबून पूर्ण सुकू द्यावा आणि मगच आसांना हात घालावा.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज असा, की गाडीला पाटे आहेत म्हणजे थोडीफार चूक ते सांभाळून घेतील. खऱ्या मालमोटारीत पोलादी पाट्यांची चळत भाराखाली लवते. आणि हेंड्रिक्सन कंपनीने १९२६ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या रचनेत मागच्या दोन आसांना जोडणारी तुळई मध्यावर झुलती असल्यामुळे एक आस उंचवट्यावर चढला, की दुसरा खाली दाबला जाऊन भाराची वाटणी कायम राहते. प्रतिकृतीत ही सारी चळत साच्यातून एकसंध आलेली असते, पाट्यांमधील रेषा केवळ दर्शनी असतात, आणि १:२५ प्रमाणात एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीतील २५ मिलिमीटरची, जवळजवळ इंचाची चूक होय. पाट्यांचे काम येथे जोडणाऱ्याच्या नजरेलाच करावे लागते.

सूचनापत्रकात चाके बहुधा मागाहून येतात आणि पुष्कळजण त्याबरहुकूम अंमल करतात. परंतु आस चिकटवल्यावर सांधा हलता आहे तोवरच चाके तात्पुरती चढवून गाडी काचेवर उभी करावी, प्रत्येक आसाचे चासीपासूनचे अंतर दोन्ही अंगांनी मोजावे, वरून पाहून आस दांड्यांशी काटकोनात असल्याची खात्री करावी, आणि त्याच स्थितीत ती रात्रभर ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चिकटद्रव्य अधिक घातल्याने सांधा बळकट होतो, हेही खरे नव्हे. पॉलिस्टायरीनसाठीचा पातळ द्रव प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो; तो अतिरिक्त झाला, तर नाजूक पाटे मऊ पडून वाकतात, आणि रंगावर किंवा क्रोमच्या मुलाम्यावर लावला, तर त्याची पकड बसतच नाही. सांध्याची जागा आधी खरवडून घ्यावी.

टायरांविषयी एक इशारा. मऊ व्हिनाइलच्या जुन्या टायरांतील मृदुकारक द्रव्य कालांतराने पाझरून पॉलिस्टायरीनच्या धावेला खाऊन टाकते. म्हणून असा संच हाती आल्यास टायर व धाव एकत्र ठेवू नयेत, आणि जोडताना धावेवर धातूच्या वर्खाची पातळ पट्टी गुंडाळावी.