गोंझॅगाचा वरचा क्रमांक: किती खरा, किती फुगवलेला?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकॅन शहरात, गोंझॅगा नावाचं जेझुइट विद्यापीठ आहे. १८८७ सालचं, आकाराने लहान. त्याच्या बास्केटबॉलच्या इनडोअर स्टेडियममध्ये सहा हजार प्रेक्षक मावतात. पण तिथला पुरुषांचा संघ १९९९ ते २०२५ या काळात एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत दर वेळी खेळला (२०२० मध्ये करोनामुळे स्पर्धाच झाली नाही). देशातल्या पहिल्या दहा संघांत त्याचं नाव वारंवार येतं, आणि आलं की वाद सुरू होतो: एवढा वरचा क्रमांक यांना कशासाठी? माझ्या मते बहुतेक वर्षी तो त्यांनी कमावलेला असतो. विरोधातले बरेचसे आक्षेप क्रमवारी कशी ठरते हे नीट न पाहताच घेतले जातात.

"दुबळ्या लीगमध्ये जिंकून कोणीही वर जाईल"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच, आणि तो निराधार नाही. गोंझॅगा ज्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये इतकी वर्षं खेळला, तिथे सेंट मेरीज सोडला तर तोडीस तोड प्रतिस्पर्धी क्वचितच मिळे. बिग १२ सारख्या लीगमधल्या संघाला जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्यातून दोन-दोन खडतर सामने खेळावे लागतात. तो चार-पाच सामने हरतो आणि घसरतो. गोंझॅगा त्याच काळात जिंकत राहतो. असोसिएटेड प्रेसच्या साप्ताहिक क्रमवारीत साठेक क्रीडा पत्रकार आपापले २५ संघ क्रमाने लावतात, आणि हरलेल्याला खाली ढकलून जिंकलेल्याला जागेवर ठेवण्याकडे त्यांचा कल असतो. या सवयीचा फायदा गोंझॅगाला मिळतो, हे मान्य करायलाच हवं.

पण आक्षेप घेणारे नोव्हेंबर-डिसेंबर विसरतात. लीग सुरू होण्याआधीचे सामने संघ स्वतः ठरवतो, आणि १९९९ पासून प्रशिक्षक असलेले मार्क फ्यू ते मुद्दाम अवघड निवडत आले आहेत. २०२०-२१ च्या हंगामात गोंझॅगाने कॅन्सस, वेस्ट व्हर्जिनिया, आयोवा आणि व्हर्जिनिया या मोठ्या लीगमधल्या संघांना हरवलं. व्हर्जिनियाला तर ९८-७५ असं. ५ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये बेलरशीही सामना ठरला होता, तो करोनामुळे रद्द झाला. पुढे एप्रिलमध्ये त्याच शहरात हे दोन संघ भेटले ते थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात.

शिवाय आता फक्त पत्रकारांच्या मतावर काही अवलंबून नाही. २०१८-१९ पासून एनसीएए 'नेट' नावाची गणिती क्रमवारी वापरते. आयपीएलच्या नेट रनरेटमध्ये समोरचा संघ किती तगडा होता हे मोजलं जात नाही. इथे ते मोजलं जातं, आणि सामना घरी झाला की बाहेर, हेही. तळाच्या संघाला तीस गुणांनी हरवणं हे अशा हिशेबात अपेक्षितच धरलेलं असतं, त्यामुळे तेवढ्यावर कोणी पहिल्या पाचांत जाऊन बसत नाही.

"मार्चमध्ये हरले, म्हणजे क्रमांक खोटाच होता"

हा गैरसमज मला जास्त खटकतो, कारण त्यात पाच महिन्यांची मेहनत एका संध्याकाळवर तोलली जाते. मार्च २०१३ मध्ये गोंझॅगा पहिल्यांदा देशात अव्वल ठरला, आणि त्याच महिन्यात नवव्या मानांकनाच्या विचिटा स्टेटने त्याला ७६-७० असं राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढलं. टीकाकारांना आनंद झाला. पण तोच विचिटा स्टेट पुढे उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि लुईव्हिलकडून अवघ्या चार गुणांनी हरला. गोंझॅगाला हरवणारा संघ किती चांगला होता, हे मात्र निकालानंतर फारसं कोणी पाहिलं नाही.

ही राष्ट्रीय स्पर्धा ६८ संघांची, बाद पद्धतीची आहे. एक सामना हरला की हंगाम संपला. २०१८ मध्ये अग्रमानांकित व्हर्जिनिया सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ असा हरला, आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला. क्रमांक सांगतो तो आतापर्यंतच्या कामगिरीबद्दल. पुढच्या चाळीस मिनिटांची हमी तो देत नाही.

आणि मार्चचाच निकष लावायचा तर पूर्ण लावावा. २०१५ पासून २०२४ पर्यंत झालेल्या नऊच्या नऊ स्पर्धांत गोंझॅगा शेवटच्या सोळांत होता. २०१७ मध्ये अंतिम सामना, नॉर्थ कॅरोलायनाकडून ६५-७१ अशी हार. २०२१ मध्ये सलग ३१ विजय मिळवून पुन्हा अंतिम सामना, त्यात बेलरने ८६-७० असं हरवलं. २०२४ मध्ये पाचवं मानांकन असताना त्यांनी बिग १२ मधल्या कॅन्ससला २१ गुणांनी लोळवलं. विजेतेपद अजून नाही, ही उणीव खरीच. पण विजेतेपद वर्षाला एकच असतं, आणि पहिल्या दहांत दहा संघ असतात.

"पत्रकारांच्या क्रमवारीवरच स्पर्धेतली जागा ठरते"

नाही. जागा आणि मानांकन १२ जणांची निवड समिती ठरवते, आणि पत्रकारांची क्रमवारी तिच्यावर बंधनकारक नसते. २०२२-२३ च्या हंगामाआधी नॉर्थ कॅरोलायना अव्वल होता. त्याला स्पर्धेत जागासुद्धा मिळाली नाही.

२०२५ मध्ये तर गोंझॅगाच्या बाबतीत उलटच झालं. गणिती क्रमवाऱ्या त्याला पहिल्या दहांत धरत होत्या, समितीने मात्र आठवं मानांकन दिलं, म्हणजे चारही विभाग मिळून तिसाव्या क्रमांकाच्या आसपास. दुसऱ्या फेरीत गाठ पडली अग्रमानांकित ह्यूस्टनशी. तो सामना ह्यूस्टनने ८१-७६ असा जिंकला. ह्यूस्टन पुढे अंतिम सामन्यात पोचला आणि तिथे फ्लोरिडाकडून दोन गुणांनी हरला. त्या वर्षी गोंझॅगाला जास्त नव्हे, कमीच लेखलं गेलं, असं मला वाटतं.

पॅक-१२ या लीगमध्ये जाण्याचा निर्णय गोंझॅगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केला, त्यामुळे लीगचा जुना आक्षेप नव्याने तपासावा लागेल. तपासायचं कसं, तेही अवघड नाही. समितीच्या तक्त्यात 'क्वाड वन' नावाचा रकाना असतो. त्यात घरच्या मैदानावर 'नेट'मधल्या पहिल्या ३० संघांशी, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० शी आणि परक्या मैदानावर पहिल्या ७५ शी झालेले सामने येतात. कोणत्याही संघाचा क्रमांक पटला नाही, तर आधी तिथले विजय मोजावेत, आणि त्यातले घराबाहेरचे किती तेही पाहावं.