गोडी आहे ती जोडणीत

वांगणी आणि नेरळच्या मधलं आमचं शेलू. पहाटेची लोकल गाठायची म्हणून इथे उजाडण्याआधीच चहाचं आधण चढतं. घरात मधुमेह असलेले आजोबा असले, तर साखरेऐवजी छोटी पांढरी गोळी येते. घाईघाईत कुणी ती चहापत्तीबरोबरच पातेल्यात टाकतं आणि चहा अगोड झाला की गोळीला नावं ठेवतं. मंडळी, दोष गोळीचा नाही, उकळण्याचा आहे.

अशा बऱ्याच गोळ्यांत अस्पार्टेम असतं. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. त्यातले दोनच मणी जोडले की झालं डायपेप्टाइड. अस्पार्टेममधले दोन मणी म्हणजे अस्पार्टिक आम्ल आणि फिनाइलअलॅनिन. ते जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. शिवाय फिनाइलअलॅनिनच्या मोकळ्या टोकावर मिथाइल गटाचं टोपण असतं. हे दोन्ही मणी सुटे असताना गोड नाहीत. टोपण काढलं तरी गोडी जाते. सगळं जागच्या जागी असलं, तर मात्र साखरेच्या सुमारे २०० पट गोड!

१९६५ साली अमेरिकेतल्या सर्ल कंपनीत जेम्स श्लॅटर हे रसायनतज्ज्ञ अल्सरच्या औषधासाठी काम करत होते. कागद उचलायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि ते गोड लागलं. शोध लागला तो असा.

उकळताना काय होतं? टोपण मिथेनॉलच्या रूपाने सुटतं आणि उरलेले मणी वळून त्यांचं कडं होतं. या कड्याला गोडी नाही. शीतपेयाच्या सौम्य आंबटपणात मात्र हाच रेणू महिनोन्महिने टिकतो. म्हणून अस्पार्टेमची गोळी चहा कपात ओतल्यावर टाकावी. शिऱ्यात किंवा खिरीत शिजवू नये.

आता महत्त्वाचं. फिनाइलकीटोन्युरिया या दुर्मिळ आनुवंशिक विकारात शरीराला फिनाइलअलॅनिन पचवता येत नाही. ते रक्तात साठतं आणि वेळीच पथ्य सुरू झालं नाही, तर लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा होते. आजोबांची गोळी अशा नातवाच्या दुधात पडता कामा नये. पाकिटावरचा बारीक अक्षरातला इशारा त्याच्यासाठीच असतो.

इतरांनी घाबरू नये. २०२३ साली कर्करोगाच्या शंकेवरून चर्चा झाली. तरी जागतिक तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली.

तेव्हा आधी पाकीट वाचा, गॅस बंद करा आणि मगच गोळी टाका.