फितूर घोडा आणि सव्वाशे डॉलर

अमेरिकेत किमान सव्वाशे डॉलर भरून सरकारकडून मोकाट घोडा दत्तक घेता येतो. घोडा नको असेल तर गाढव. ऐकायला काम चुटकीसरशी होणारे वाटते, पण अर्ज हातात आला की कपाळाला आठ्या पडतात. मोठ्या घोड्यासाठी कुंपण सहा फूट उंच हवे, काटेरी तार चालणार नाही, प्रत्येक जनावरामागे किमान 400 चौरस फूट जागा, मधे आडवी भिंत असलेला छोटा ट्रेलर घेऊन आलात तर माघारी जा, वर्षाला चारपेक्षा जास्त जनावरे मागू नका, आणि मालकीचा कागद मिळेल तो वर्षभराने. सरकारी बाबूंचा नुसता छळवाद वाटावा अशी ही यादी. पण तिच्यातली मोलाची कलमे कुणाच्या तरी लबाडीतून आली आहेत, आणि ते किस्से माहितीपत्रकात कधीच छापले जात नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एक सेक्रेटरी बाई आहेत. व्हेल्मा जॉन्स्टन. लहानपणी पोलिओने गाठलेले, नेवाडातल्या रेनो शहरात विमाधंद्यातल्या साहेबाकडे नोकरी. 1950 मध्ये कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना त्यांना दिसले. त्यांनी गाडी ट्रकच्या मागे घातली. आत विमानांनी आणि गाड्यांनी पिटाळून पकडलेले घोडे कोंबले होते, निघाले होते कत्तलीला. त्या काळी असल्या घोड्यांचे मांस डबाबंद होऊन कुत्र्यामांजरांच्या खाद्यात जायचे. बाईंनी आवाज उठवला तेव्हा विरोधकांनी ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हणून त्यांना हिणवले. बाईंनी तेच नाव आयुष्यभर मिरवले. शाळकरी मुलांना हाताशी धरून त्यांनी अमेरिकी काँग्रेसवर पत्रांचा असा भडिमार केला की 1959 मध्ये विमाने आणि मोटारी वापरून घोडे पकडण्यावर बंदी आली. पुढे 15 डिसेंबर 1971 रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने मोकाट घोड्या-गाढवांना संरक्षण देणारा कायदाच झाला आणि बहुतेक कळपांची जबाबदारी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्यावर आली.

पाच वर्षांतच, 1976 मध्ये, हेलिकॉप्टर परत आले. या खेपेस सरकारी कामासाठी. कारण साधे होते: कत्तल थांबली, घोड्याला खाणारे जनावर रानात फारसे उरलेले नव्हते, आणि कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. खात्याच्या हिशेबाने त्या माळरानांना सुमारे 25,500 जनावरे झेपतात. आजकाल तिथे 70,000 च्या वर फिरतात आणि पकडून आणलेली 60,000 हून अधिक सरकारी चाऱ्यावर उभी आहेत. दत्तक योजनेचे सगळे गोडवे या दुसऱ्या आकड्याच्या धास्तीतून निघतात, असे माझे मत.

पकडण्याचे काम बघण्यासारखे असते. लोकांना वाटते, हेलिकॉप्टर कळपाच्या डोक्यावर घिरट्या घालत त्याला पळवत आणते. मुरलेला पायलट तसे करत नाही. तो बराच काळ लांब मागे राहतो, घोड्यांना त्यांच्या ओळखीच्या वाटेने चालू देतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात अंगावर येतो. पुढे सापळा मांडलेला असतो, तोंडाशी रुंद आणि आत निमुळता. त्याच्या दोन्ही बाजूंना तरट ताणलेले असते. घोड्याने मनात आणले तर ते एका धडकेत फाटेल, पण त्याच्या डोळ्यांना ती भिंत दिसते. तोंडापाशी एक माणूस शिकवलेला घोडा घेऊन दबा धरून बसलेला असतो. कळप टप्प्यात आला की तो हातातला घोडा सोडतो. हा पठ्ठ्या सवयीने थेट आतल्या कुंपणात धावत सुटतो आणि बिथरलेला कळप पुढे धावणाऱ्या जातभाईवर भरवसा ठेवून त्याच्यामागे आत. फाटक बंद. तिकडचे लोक त्याला ‘जुडास हॉर्स’ म्हणतात. आपल्या इतिहासात अशांना फितूर म्हणत आणि त्यांची किंमत वतनात मोजत. याला चाऱ्यावर भागवतात.

गाढवांपुढे मात्र फितुरी चालत नाही. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरले की थांबते आणि विचार करते. हेलिकॉप्टर वर गरगरत असताना झुडपाआड ढिम्म उभ्या राहिलेल्या गाढवापुढे पायलटचे काही चालत नाही. शेवटी घोडेस्वार दोर टाकून एकेकाला आणतात, नाहीतर वाळवंटातल्या पाणवठ्याभोवती कुंपण घालून तहानेची वाट बघतात.

पकडलेल्या जनावराचे तोंड उघडून दातांवरून वय काढतात. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या गाढवांच्या बाजारात दात बघून दुवान की चौवान ठरवणाऱ्या व्यापाऱ्याला त्यात नवे काही वाटणार नाही. पुढचे काम मात्र त्याने पाहिलेले नसेल. मानेची डावी बाजू, आयाळीच्या खाली, भादरून अल्कोहोलने पुसतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून काढलेला ठसा तिथे काही सेकंद दाबून धरतात. थंडीने रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि नंतर त्या जागी पांढरे केस उगवतात. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या डॉ. कीथ फॅरेल यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत आकडे लिहीत नाहीत, कोन आणि समांतर रेषा उमटवतात. तीनचा आठ करणे कुणालाही जमेल, कोनात खाडाखोड करणे अवघड. आधी सरकारची खूण, मग जन्मवर्ष, मग नोंदणी क्रमांक. असा शिक्का असलेले जनावर बाजारात आले की पहिला प्रश्न येतो, मालकीचा कागद कुठे आहे?

आणि इथूनच लबाडीचे किस्से सुरू होतात. ऐंशीच्या दशकात कोंडवाडे तुडुंब भरले, तेव्हा खात्याने घाऊक गिऱ्हाइकांना शुल्क माफ केले. एका माणसाला चारच जनावरे, हा नियम होताच. मग हुशार पशुपालकांनी ओळखीपाळखीच्यांकडून मुखत्यारपत्रे गोळा केली आणि शेकडो घोडे एकरकमी उचलले. वर्ष सरायची वाट पाहायची, कागद हातात पडला की खाटीकखाना. काहींचा बेत इतका उघड होता की प्रकरण न्यायालयात गेले आणि 1988 मध्ये अपील न्यायालयाला खात्याला बजावावे लागले: माणूस घोडे कत्तलीला विकणार हे ठाऊक असताना त्याला मालकी देता येणार नाही. त्याच वर्षी शुल्कमाफीही बंद झाली. तोवर हजारो घोडे गेले होते.

एवढे होऊन खाते शहाणे झाले असेल म्हणता? 2019 मध्ये उलटी गंगा वाहू लागली. न शिकवलेला घोडा किंवा गाढव घेणाऱ्यालाच 1,000 डॉलर द्यायचे ठरले. जनावर घ्या पंचवीस डॉलरला, वर्षभर चारा घाला, हजार मिळवा. दत्तकांचे आकडे झपाट्याने वाढले, खाते खूश. 2021 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छडा लावला तेव्हा घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावावर चार-चार जनावरे घेणारी कुटुंबे सापडली, आणि पैसे वसूल झाल्यावर त्याच शिक्क्यांची जनावरे खाटकांच्या दलालांपुढे लिलावात. अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने 2007 मध्येच बंद झाले होते, त्यामुळे रस्ता मेक्सिको-कॅनडाचा. मुखत्यारपत्राची जागा आता भाऊ-वहिनीने घेतली होती, एवढाच फरक. 2025 मध्ये न्यायालयाने ही बक्षिसी रद्द केली.

गाढवांच्या वाट्याला एक बरा किस्साही आहे. ग्रँड कॅनियनमध्ये खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची वस्ती वाढली होती. तिथले राष्ट्रीय उद्यान चालवणाऱ्यांना ती नकोशी झाली होती. आधी कित्येक वर्षे गोळ्या घालून झाल्या होत्या, सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुन्हा तोच बेत निघाला. लेखक क्लीव्हलँड ॲमोरी यांच्या फंड फॉर ॲनिमल्स या संस्थेने सांगितले, मारू नका, आम्ही बाहेर काढतो. कसे काढणार, हे विचारणाऱ्यांना हसू आवरले नसावे. त्यांनी खरेच काढली. पोटाखाली पट्टे बांधून, हेलिकॉप्टरला टांगून, खोल दरीतून एकेक गाढव वर. 1979 ते 1981 या काळात 577 गाढवे अशी आकाशमार्गे आली आणि लोकांनी ती दत्तक नेली. त्यांच्यासाठी ॲमोरींनी टेक्सासमध्ये उघडलेला ब्लॅक ब्यूटी रँच आजही चालू आहे.

शिकवलेले घोडे हवे असतील तर काही येतात थेट तुरुंगातून. कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीच्या तुरुंगात 1986 पासून कैदी हे घोडे माणसाळवू लागले. त्यातले काही अमेरिकेच्या सीमेवरच्या गस्तीला गेले. चित्रपटवाल्यांना हा विषय आवडतो, त्यावर पुष्कळ झाले आहे.

मला लिलावाची जागा जास्त बोलकी वाटते. तिथे गुणांपेक्षा रंग विकला जातो. अबलख घोड्यावर उड्या पडतात, पंचकल्याणी असेल तर आपल्याकडच्यासारखीच बोली चढते. ओरेगनचे मातकट पाठीचे, पायांवर पट्टे असलेले ‘कायगर’ तर हजारो डॉलरला जातात. मागे राहतो तो साधा कुमैत, त्यातही वयाने मोठा. 2004 च्या दुरुस्तीनुसार दहा वर्षांवरचा किंवा तीनदा लिलावात उभा राहूनही कुणी न घेतलेला घोडा दत्तक नव्हे, थेट विकता येतो; कागद त्याच दिवशी हातात. घोडे शिकवणारे जाणकार या तीनदा नाकारलेल्यांच्या यादीवर डोळा ठेवून असतात, कारण रंगाला भुललेल्या गिऱ्हाइकांनी मागे टाकलेले दणकट, शांत घोडे त्यांना तिथेच सापडतात. खाटकाचा दलालही तीच यादी वाचतो. म्हणून विक्रीच्या करारात ‘कत्तलीसाठी विकणार नाही’ अशी सही घेतात, आणि ती सही करायला आजवर कुणाचा हात अडखळल्याचे ऐकिवात नाही.