इंग्रजी वाङ्मयाचा विद्यार्थी रंगमंचावर

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय आणि नाट्यविद्या हे दोन विषय एकाच पदवीसाठी जोडीने शिकण्याची जी सोय आहे, ती ऐकून आपल्याकडील पालक थोडे साशंक होतात. कारण वाङ्मय हे ग्रंथालयात बसून वाचावयाचे आणि अभिनय हा तालमीच्या जागेत घाम गाळून शिकावयाचा अशी आपली जुनी वहिवाट, आणि पदवीच्या दाखल्यावर ही दोन नावे शेजारीशेजारी दिसली म्हणजे त्यांतले एक निव्वळ हौसेखातर आत शिरले असावे असे मनात येते. अशी शंका तेथील प्राध्यापकवर्गालाही पुष्कळ वर्षे होती. ती कशी मावळली, किंवा पुरती मावळली नसल्यास कोठे अडून राहिली, हे पाहण्यापूर्वी एक उदाहरण जरा बारकाईने पाहणे बरे.

शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकात इझाबेला नावाची तरुणी मठात दीक्षा घेण्याच्या बेतात असतानाच तिच्या भावाला देहान्ताची शिक्षा फर्मावली जाते. राज्याचा कारभार तात्पुरता हाती आलेला अँजेलो भावाच्या जिवाच्या मोबदल्यात तिचे शील मागतो. आणि संन्याशाच्या वेषात आपल्याच नगरीत वावरणारा व्हिएन्नाचा ड्यूक अखेरीस प्रकट होऊन सर्वांसमक्ष न्यायनिवाडा करतो. या शेवटच्या प्रवेशात, भाऊ मारला गेला अशीच समजूत असताना, इझाबेला गुडघे टेकून त्याच अँजेलोच्या जिवासाठी रदबदली करते, आणि त्यानंतर नाटक संपेपर्यंत तिच्या तोंडी नाटककाराने एकही शब्द घातलेला नाही. भाऊ जिवंत समोर उभा केला जातो, तरी ती बोलत नाही. ड्यूक तिला लग्नाची मागणी घालतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा घालतो, तरी ती बोलत नाही.

उत्तरपत्रिकेत हे मौन 'अर्थगर्भ' आहे, 'संदिग्ध' आहे, असे लिहून भागते, आणि चांगला विद्यार्थी दोन्ही बाजूंची प्रमाणे मांडून उत्तम गुणही मिळवितो. परंतु जिला त्या संध्याकाळी इझाबेला होऊन उभे राहावयाचे आहे तिला ही सवलत नाही. ड्यूकने पुढे केलेला हात घ्यावयाचा की नाही, घेतलाच तर नजर भावाकडे ठेवावयाची की जमिनीकडे, भावाला पाहताच धावावयाचे की जागच्या जागी थिजून राहावयाचे, या प्रत्येक बाबीचा काही ना काही निकाल लागल्याखेरीज तिला रंगमंचावरून आत जाता येत नाही. पीटर ब्रुक यांनी १९५० साली स्ट्रॅटफर्ड येथे हे नाटक बसविले, तेव्हा इझाबेलाने अँजेलोसाठी गुडघे टेकण्यापूर्वी, प्रेक्षकांना सोसवेल तितका वेळ, निःशब्द थांबावे अशी सूचना त्यांनी नटीला दिली होती. जॉन बार्टन यांनी १९७० साली रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी तेच नाटक केले, तेव्हा इतर सारी पात्रे निघून गेल्यावर ड्यूकला उत्तर न देता इझाबेला रंगमंचावर एकटीच उरते, असा शेवट त्यांनी केला. आणि लग्नाच्या मागणीला तिचा होकार गृहीत धरण्याचा जो शिरस्ता चालत आला होता, त्याकडे टीकाकारांना नव्याने पाहावे लागले. मला हे दोन प्रयोग एखाद्या प्रबंधाइतकेच मोलाचे वाटतात.

हे बार्टन मूळचे केंब्रिजचे, किंग्ज कॉलेजचे फेलो, आणि येथेच आपल्या विषयाचा मोठा विरोधाभास हाती लागतो. केंब्रिजमध्ये इंग्रजी वाङ्मयाचा स्वतंत्र परीक्षाक्रम १९१७ साली मंजूर झाला; पुढे आय. ए. रिचर्ड्स आणि एफ. आर. लीव्हिस यांच्या प्रभावाखाली छापील शब्दाचे अत्यंत बारीक, जवळजवळ न्यायालयीन उलटतपासणीसारखे वाचन हा तेथील अभ्यासाचा प्राण बनला. एल. सी. नाइट्स यांनी तर १९३३ साली, लेडी मॅक्बेथला मुले किती होती असा खवचट मथळा देऊन, नाटकातील पात्रांना हाडामांसाची माणसे समजणाऱ्या जुन्या टीकापद्धतीची रेवडी उडविली. या पंथाच्या दृष्टीने नाटक म्हणजे एक दीर्घ काव्य होते, आणि लीव्हिस यांना नाट्यगृहाविषयी फारसे ममत्व नव्हते हे त्यांच्या शिष्यांनीही लपविलेले नाही.

आणि तरीही पीटर हॉल, ट्रेव्हर नन, इयान मॅकेलन हे तिघेही याच केंब्रिजमध्ये इंग्रजी शिकून रंगभूमीवर गेले. नाट्यविद्येचे खाते तेव्हा तेथे नव्हतेच. दिवसा व्याख्याने आणि रात्री तालमी, असा दुहेरी संसार विद्यार्थी आपल्या जबाबदारीवर करीत. त्यासाठी १८५५ साली स्थापन झालेला अमॅच्युअर ड्रॅमॅटिक क्लब होता आणि १९०७ साली मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस'ने सुरू झालेली मार्लो सोसायटी होती. या सोसायटीत नटांची नावे जाहीर न करण्याची प्रथा होती. कोणी काय केले यापेक्षा पद्य कसे उच्चारले याकडे लक्ष जावे, हा त्यातला हेतू. आपल्याकडील एकांकिका-स्पर्धांत बक्षिसांच्या यादीवर जे महाभारत होते ते आठवले म्हणजे त्या प्रथेचा हेवा वाटतो. किंग्ज कॉलेजचे जॉर्ज रायलंड्स हे या पद्योच्चारणाचे आचार्य, आणि १९५७ पासून १९६४ पर्यंत त्यांच्या देखरेखीखाली शेक्सपिअरची सर्व नाटके ध्वनिमुद्रित झाली. एकीकडून लीव्हिस यांची शब्दनिष्ठा आणि दुसरीकडून रायलंड्स यांचा कान, असे दोन संस्कार घेऊन हॉल बाहेर पडले. १९६१ साली हॉल यांच्या नेतृत्वाखाली रॉयल शेक्सपिअर कंपनी त्या नावाने उभी राहिली, तेव्हा तिच्यातील पद्याच्या शिस्तीला हाच पाया होता.

ही जोड आपल्याला अगदीच परकी नाही. पुण्यात इंग्रजीचे अध्यापन करणारे प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांनी 'द टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'त्राटिका' लिहिले आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या नटांना शेक्सपिअरच्या भूमिका समजावून देऊन बसविल्या. गणपतराव जोशी यांच्या गाजलेल्या हॅम्लेटमागे आगरकरांचे भाषांतर होते तशी केळकरांची तालीमही होती. एका माणसाच्या ठायी कॉलेज आणि कंपनी एकत्र आली, पण त्याचे रूपांतर विद्यापीठाच्या एखाद्या खात्यात व्हावे, ही तजवीज त्या काळी कोणी केली नाही.

तशी तजवीज ब्रिटनमध्ये प्रथम ब्रिस्टल विद्यापीठाने केली. १९४७ साली तेथे नाट्यविषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि ग्लिन विकम या मध्ययुगीन रंगभूमीच्या अभ्यासकाने त्याला आकार दिला. नट घडविण्याचे काम शहरातील ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलकडे होते. विद्यापीठाने स्वतःकडे नाटकाचा इतिहास, त्याची रचना आणि प्रयोगाद्वारे परीक्षण एवढेच घेतले. स्क्वॉश खेळण्याच्या जागेत थोडा फेरफार करून विभागाने प्रयोगशाळा थाटली. १९५७ च्या मे महिन्यात तेथे शिकणाऱ्या हेन्री वूल्फ यांनी आपल्या शाळासोबत्याकडून आग्रहाने एक एकांकिका लिहवून घेतली आणि ती बसविली. हा शाळासोबती गावोगावच्या नाटक कंपन्यांत काम करणारा एक नट होता, नाव हॅरल्ड पिंटर. 'द रूम' हे त्यांचे पहिले नाटक अशा रीतीने विद्यापीठाच्या एका विभागामुळे जन्मास आले.

आजच्या संयुक्त पदवीत या दोन्ही परंपरा सरमिसळ झालेल्या आढळतात. एका तासाला कादंबरी आणि काव्य, दुसऱ्या तासाला मोकळी खोली आणि अनवाणी पाय. 'मॅक्बेथ'मध्ये खुनानंतर पतिपत्नींत जी एकेक-दोनदोन शब्दांची प्रश्नोत्तरे होतात, ती १६२३ च्या फोलिओमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, सुटी छापली आहेत, तर पुढील संपादकांनी ती जुळवून एकाच चरणात बसविली. विद्यार्थी दोन्ही पाठ घेऊन म्हणून पाहतात, आणि सुट्या ओळींत श्वास घेण्यास सापडणारी फट जुळविलेल्या चरणात कशी बुजते हे त्यांच्या छातीला आधी कळते, मग टिपणात उतरते. परीक्षणातही प्रयोग, त्यामागील कैफियत आणि निबंध, अशी विभागणी असते. तीन-चार जणांनी मिळून केलेल्या प्रयोगाचे गुण कसे वाटावयाचे यावरून कुरबुरी चालतात, आणि त्यांत विद्यार्थ्यांची बाजू पुष्कळदा खरी असते.

एक गोष्ट मात्र इच्छुकांनी आधीच ध्यानात घ्यावी. ही पदवी नट होण्याचा परवाना नव्हे. आवाज, शरीर, भाला-तलवार यांची जी रोजची रगडपट्टी नाट्यशाळेत चालते ती विद्यापीठात मिळत नाही, आणि म्हणून पदवीनंतर अनेक जण पुन्हा अशा शाळेच्या निवडचाचणीसाठी रांगेत उभे राहतात. उरलेले अध्यापन, नभोवाणी, संपादन अशा वाटांनी जातात. अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा मसुदा मागवून त्यात प्रत्यक्ष प्रयोगाला किती गुण आहेत, तालमीची जागा विद्यार्थ्यांना संध्याकाळी मोकळी मिळते काय, आणि दुसऱ्या वर्षानंतर दोन विषयांपैकी एकच पुढे चालवावा लागतो काय, एवढे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.