पंचाची शांत वाणी

बिलोली हा तेलंगणाच्या सीमेवरचा तालुका. तेथें मराठीबरोबर तेलुगूहि कानीं पडते. कबड्डींतील चढाई फार तर 30 सेकंदांची. पण ‘आमचा गडी बाद नव्हता!’ ही प्रशिक्षकाची ओरड संपतां संपत नाहीं. अशा वेळीं पंचानें आवाज चढवूं नये. तक्रार ऐकून घ्यावी, मग जें पाहिलें तें संघनायकाला एकाच वाक्यांत सांगावें : “दम तुटला, म्हणून बाद.” भाषा अडली तर हाताची खूण पुरते. शंका असेल तर सरपंचाचा विचार घ्यावा. तरीहि उद्धटपणा थांबला नाहीं, तर ताकिदीचें हिरवें कार्ड आहेच. मैदानावरचीं मुलें हें सारें पाहत असतात. पराभव तीं पचवितात. अन्याय झाल्याची भावना मात्र घरीं घेऊन जातात.