इंजिन चालू, चावी खिशात; अलार्म जागा राहील का?

टर्बो टायमर इंजिनाची काळजी घेतो, अलार्म गाडीची. पण या दोघांचे एकमेकांशी पटले नाही, तर नुकसान मालकाचेच होते. म्हणून अलार्म घेण्यापूर्वी थोडी माहिती करून घेणे चांगले.

महामार्गावरचा एखादा ढाबा डोळ्यांसमोर आणा. चार तास सलग प्रवास करून एक कुटुंब जेवायला थांबले आहे. वडिलांनी चावी काढली, पण इंजिनाची घरघर चालूच आहे, कारण गाडीत टर्बो टायमर बसवलेला आहे. रिमोटचे बटण दाबले तरी दारे लागेनात, म्हणून वडिलांनी चावीने दार लावले आणि सगळे निश्चिंत मनाने आत गेले. दोन मिनिटांनी इंजिन आपोआप बंद पडले. त्याच क्षणी ‘खट्’ असा आवाज झाला आणि चारही दारांची कुलपे उघडली. तो आवाज ऐकायला तिथे कुणीच नव्हते. मागच्या सीटवर मात्र आईची पर्स होती आणि लग्नाला नेलेल्या दागिन्यांचा डबाही.

प्रसंग कल्पनेतला असला, तरी त्यात अशक्य असे काहीच नाही. अनेक अलार्ममध्ये इग्निशन बंद होताच दारे उघडण्याची सोय असते. इंजिन थांबले म्हणजे आता माणसे उतरणार, एवढेच त्या यंत्राला ठाऊक असते. माणसे कधीच उतरून गेली आहेत, हे त्याला सांगणार कोण?

टायमर कशासाठी?

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारी एक छोटी चक्की. ती इंजिनात जादा हवा कोंबते आणि त्यामुळे ताकद वाढते. या चक्कीचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि तेच तेल त्याची उष्णताही वाहून नेते.

घाट चढून किंवा महामार्गावर वेगाने येऊन इंजिन एकदम बंद केले, तर तेलाचा पंपही थांबतो. चक्कीचे घर अजून तापलेलेच असते. आत अडकलेले तेल त्या उष्णतेने करपते आणि त्याचा कोळसा बेअरिंगवर बसतो. असे वारंवार झाले, तर टर्बोचे आयुष्य घटते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. म्हणून इंजिन बंद करण्यापूर्वी ते थोडा वेळ मंद गतीवर चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. हेच काम टर्बो टायमर करतो. चावी काढल्यावरही तो इग्निशनच्या तारेला वीज देत राहतो आणि ठरवलेली वेळ संपली की इंजिन बंद करतो.

आपल्याकडे १९९८ साली आलेली टाटा सफारी, २००२ साली आलेली महिंद्रा स्कॉर्पिओ अशा गाड्यांमुळे टर्बो डिझेल हा शब्द घरोघरी पोहोचला. अशा जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे अनेक जण आहेत. टायमर आणि अलार्म यांचा मेळ घालण्याचा प्रश्न प्रामुख्याने त्यांच्यापुढे येतो.

अलार्मची पंचाईत

गाडी उभी आहे की चालू, हे अलार्मला इग्निशनच्या तारेवरून कळते. तारेत वीज असेल, तर गाडीत चालक आहे असे तो समजतो. टायमर नेमकी याच तारेत वीज सोडतो. त्यामुळे चार प्रकारचे घोटाळे होऊ शकतात.

पहिला, रिमोट दाबूनही अलार्म चालूच होत नाही. इंजिन थांबेपर्यंत गाडी उघड्यावर ठेवल्यासारखी असते आणि त्यानंतरही अलार्म आपोआप चालू होईलच असे नाही.

दुसरा, अलार्म चालू होतो, पण त्यातील इंजिन कट-ऑफ लगेच इंजिन बंद पाडतो. मग टायमर असून नसल्यासारखाच.

तिसरा, इंजिनाच्या थरथरीने शॉक सेन्सर बिथरतो आणि सायरन वाजू लागतो. सोसायटीत रोज रात्री असे झाले, तर शेजारी वैतागतात आणि मालक कंटाळून सेन्सरच बंद करून टाकतो. मग खऱ्या चोराच्या वेळीही तो गप्पच राहतो.

चौथा प्रकार ढाब्यावरचा. इंजिन थांबताच दारे उघडी.

दुकानात काय विचारावे?

‘टर्बो टायमरबरोबर चालतो का?’ असे विचारले, तर बहुतेक विक्रेते ‘हो’ म्हणतात. म्हणून नेमके प्रश्न विचारावेत.

१. अलार्ममध्येच टर्बो टायमरची सोय आहे का? काही अलार्ममध्ये ती असते. एकच यंत्र दोन्ही कामे करत असेल, तर भांडणाचे मूळच नाहीसे होते. वेगळा टायमर आधीच बसवलेला नसेल, तर हाच पर्याय सर्वांत सोयीचा.

२. इंजिन चालू असताना अलार्म कशाकशावर लक्ष ठेवतो? दारे, बॉनेट आणि डिकी यांवर त्याचा पहारा पहिल्या क्षणापासून हवा. शॉक सेन्सर तेवढा इंजिन थांबेपर्यंत झोपलेला असावा आणि नंतर आपोआप जागा व्हावा.

३. कट-ऑफ कशावर आहे? फक्त स्टार्टर अडवणारा कट-ऑफ चालत्या इंजिनाला धक्का लावत नाही, म्हणून तो टायमरला मानवतो. पण आधीच चालू असलेले इंजिन चोराच्या हाती लागले, तर एकटा स्टार्टर कट-ऑफ काय करणार? म्हणून पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

४. चावी न लावता कुणी ब्रेकचे पॅडल दाबले किंवा हँडब्रेक सोडला, तर इंजिन लगेच बंद होते का? ही सोय टायमरमध्ये किंवा अलार्ममध्ये असायलाच हवी. ती नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी घेऊ नये.

५. इग्निशन बंद होताच दारे उघडण्याची सोय रद्द करता येते का? बहुधा येते. पण बसवणाऱ्याला आठवणीने सांगावे लागते.

जोडणीत गोम

टायमर आधीच असेल आणि अलार्म नवा घ्यायचा असेल, तर सगळी मदार जोडणीवर असते. अलार्मची इग्निशन ओळखणारी तार अशा जागी जोडावी लागते, जिथली वीज चावी काढताच जाते, मग इंजिन चालू असो वा नसो. पुष्कळदा त्यासाठी रेडिओसारख्या उपकरणांना वीज देणारी ॲक्सेसरीची तार वापरतात. मात्र काही टायमर त्या तारेलाही वीज देत राहतात. म्हणून अंदाजाने काम न करता मीटर लावून खात्री करून घेणारा ऑटो इलेक्ट्रिशियन निवडावा. तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणाऱ्याकडे जाऊ नये. इग्निशनच्या तारांतून बराच प्रवाह जातो आणि सैल जोड तापून आग लागण्याचा धोका असतो. फ्यूज योग्य क्षमतेचा आहे की नाही, हेही पाहावे.

पैसे देण्यापूर्वी परीक्षा

गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. एकाने चालकाच्या जागी बसून ब्रेकवर पाय टाकण्याच्या तयारीत राहावे. टायमर चालू करून चावी काढावी. दुसऱ्याने बाहेरून रिमोट दाबावा. कुलपे लागली पाहिजेत आणि इंजिन चालू राहिले पाहिजे. अर्धा मिनिट थांबावे, सायरन उगीच वाजता कामा नये. मग आत बसलेल्याने दार उघडावे, सायरन वाजलाच पाहिजे. पुन्हा सारे पहिल्यापासून करून ब्रेक दाबून पाहावा, नंतर हँडब्रेक सोडून पाहावा. दोन्ही वेळा इंजिन तत्काळ बंद पडले पाहिजे.

शेवटची परीक्षा धीराची. सर्वांनी बाहेर उभे राहून टायमरची पूर्ण वेळ संपू द्यावी. इंजिन थांबल्यावर प्रत्येक दाराचा हँडल स्वतः ओढून पाहावा. काचेवर हलकेच थाप मारून शॉक सेन्सर जागा झाला की नाही, तेही पाहावे. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुकानदार कुरकुर करील, पण करू द्यावी.

अलार्मच्या आवाक्याबाहेरचे

काही धोके असे आहेत की उत्तम अलार्मही ते टाळू शकत नाही. चढावर किंवा उतारावर आपण गाडी गिअरमध्ये ठेवून उतरतो. टायमर चालू असताना ते शक्य नसते आणि सारा भार एकट्या हँडब्रेकवर येतो. तो सैल असेल, तर गाडी घरंगळू शकते. उतारावर टायमर वापरूच नये.

बंद गॅरेजमध्येही तो वापरू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू असतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. गॅरेज घराला लागून असेल, तर तो घरातही शिरू शकतो. मुले गाडीत असताना तर चालू इंजिन सोडून कधीच जाऊ नये.

कायद्याचेही भान ठेवायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या वाहनात परवानाधारक व्यक्ती चालकाच्या जागी बसलेली असावी. नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा वाहन चुकूनही हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी. रस्त्यावर गाडी घरघरत ठेवून निघून जाणे म्हणजे पोलिसांना प्रश्न विचारण्याची संधी देणे. गाडी सुरक्षित राखण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी, अशी अट मोटार विम्यातही असते. चालू इंजिनासह गाडी चोरीला गेली, तर भरपाईच्या वेळी हीच अट पुढे येऊ शकते. म्हणून टायमर आणि अलार्म बसवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

मुळात टायमर हवाच का?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा. अनेक नव्या गाड्यांत टर्बो पाण्यानेही थंड केला जातो. आजचे सिंथेटिक तेलही जास्त उष्णता सोसते. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या टर्बो गाड्या कंपन्या स्वतःच विकतात, यावरूनही बरेच काही कळते. शिवाय बटणाने सुरू होणाऱ्या नव्या गाडीच्या तारा कापून बाहेरचे यंत्र जोडले, तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. अशा गाडीसाठी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल, तेच करावे.

जुन्या गाडीलाही टायमरवाचून चालते. मुक्काम जवळ आला की शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी सावकाश चालवावी आणि थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून आतच बसावे. तेवढ्या वेळात चपला शोधून होतात, झोपलेल्या धाकट्याला उठवता येते आणि सीटवरची पर्स खांद्याला अडकवता येते. मग इंजिन बंद करून, गाडी गिअरमध्ये टाकून, रिमोटने दारे लावून उतरावे.

ढाब्यावरच्या त्या कुटुंबाने एवढेच केले असते, तर दागिन्यांचा डबा त्यांच्याबरोबर जेवणाच्या टेबलावर आला असता.