पुढचे टायर रुंद करताय? आधी हे वाचा 🏁

उदाहरण घेऊ लोटस एलिसच्या दुसऱ्या पिढीचं. इंजिन सीटच्या मागे, त्यामुळे वजन मागे जास्त. म्हणून कंपनीनं पुढे १७५/५५ आर१६ आणि मागे २२५/४५ आर१७ असे टायर दिले. ही काटकसर नाही. वळणावर मर्यादा ओलांडलीच, तर आधी पुढची चाकं सुटावीत आणि गाडीची शेपूट जागेवर राहावी, हा हेतू.

हौशी मंडळी पुढे १९५/५० आर१६ बसवतात. गणित करून बघा: जुन्याचा व्यास सुमारे ५९९ मिमी, नव्याचा ६०१. म्हणजे उंची जवळपास तीच, रुंदी मात्र २० मिमी जास्त.

फायदा: नाक वळणात पटकन शिरतं.

किंमत: मागची पकड आता तुलनेनं कमी पडते. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडलात, तर शेपूट फिरू शकते. पॉवर स्टीअरिंग नसल्यानं पार्किंगला हात भरून येतात. शिवाय पुढचं वजन कमी असल्यानं साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

बसवल्यावर चाकाच्या कमानीला आतून खडू फासा, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हळू चालवा, एखाद्या उंचवट्यावरूनही न्या. खडू पुसला गेला, तर टायर घासतोय. मग अलाइनमेंट करा, आणि पुढे-मागे एकाच मॉडेलचे टायर ठेवा.

तुमच्या गाडीला पुढे कोणता साइज आहे?